इंजिन ऑइलची पट्टी गाडी गार असताना बघायची का गरम? सकाळी एक दाखवते, पंपावर दुसरंच

लातूरची_पांढरी_स्विफ्ट

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट १.२ पेट्रोल, २०१५ ची, रीडिंग ९४,०००. रोजचं चालणं लातूर-औसा, अधूनमधून बीडमार्गे संभाजीनगर. सकाळी गाडी काढायच्या आधी ऑइलची पट्टी बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्या जरा खाली. तीच गाडी पेट्रोल पंपावर बंद करून लगेच बघितली तर पार खालच्या खुणेजवळ. मेस्त्री म्हणायलाय, एक लिटर टाकून द्या, टेन्शनच नको.

कोणतं रीडिंग खरं धरायचं? टाकायचं तर किती? आणि मीटरमधला ऑइलचा लाल दिवा अजून एकदाही लागला नाही, म्हणजे ऑइल पुरेसं आहे असं समजायचं का?

मोंढा_रोड_फिटर

पंपावरचं रीडिंग सोडून द्या भाऊ, आणि एक लिटर तर अजिबात टाकू नका.

इंजिन चालू असताना सगळं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यात नसतं. बरंच वर हेडमध्ये, फिल्टरमध्ये, बारीक वाटांमध्ये फिरत असतं. गाडी बंद केल्यावर ते निथळून चेंबरमध्ये यायला ५ ते १० मिनिटं लागतात. तुम्ही बंद केल्या केल्या पट्टी काढली, म्हणून कमी दिसलं. त्यात पंपावरची फरशी पाणी वाहून जावं म्हणून बहुतेक ठिकाणी उताराचीच असते. गाडी जराशी कलली तरी पट्टीवर बोटभर फरक पडतो.

गरम-गार यावरून भांडणं होतात, पण हिशोब करून बघा. ऑइल तापलं की फुगतं, दर डिग्रीला साधारण ०.०७ टक्के. तुमच्या गाडीत फिल्टर धरून ३ लिटरच्या आसपास ऑइल बसतं. सकाळी २० डिग्री आणि चालल्यावर ९० डिग्री धरलं तर तेच ऑइल दीडशे मिलीच्या आसपास जास्त दिसणार. म्हणजे नीट निथळू दिलं तर गरम गाडीवर रीडिंग थोडं वर यायला पाहिजे. तुमचं उलटं आलं, यावरूनच कळतं की तिथं घाई झाली. गाडीच्या पुस्तकात जी पद्धत दिलीय ती धरा. बऱ्याच गाड्यांना इंजिन गरम करून, बंद करून, पाचेक मिनिटं थांबून बघायला सांगतात. सकाळी गार बघितलं तरी चालतं, फक्त दर वेळी एकाच पद्धतीनं आणि एकाच जागेवर बघा. एकदा गार, एकदा गरम असं केलं तर ऑइल खरंच कमी व्हायलंय का, हे कधीच कळणार नाही.

आता बघायची रीत. हँडब्रेक लावा, बोनेट उघडा. पट्टीच्या मुठीभोवती साचलेली धूळ आधी पुसून घ्या, नाहीतर ती सरळ नळीत जाते. पट्टी काढा, पुसा, पूर्ण खाली बसेपर्यंत घाला, दोन सेकंद थांबा, परत काढा. पट्टी आडवी धरा. टोक वर केलं की ऑइल मुठीकडं ओघळतं आणि खोटं रीडिंग येतं. दोन्ही बाजू बघा. नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल एका बाजूला वरपर्यंत फासलं जातं, म्हणून ज्या बाजूला कमी दिसेल ती खरी, आणि पट्टीच्या पूर्ण रुंदीवर ऑइल जिथपर्यंत सलग आहे तिथली रेघ धरायची. नुकतंच बदललेलं ऑइल इतकं स्वच्छ असतं की दिसतच नाही. पट्टीखाली पांढरा कागद धरा.

पुसायला जुन्या सुती बनियनचं फडकं घ्या. गॅरेजमधली कॉटन वेस्ट (सुताचा गुंता) नको, तिचे धागे पट्टीला चिकटून आत जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात.

बालाघाट_ड्रायव्हर

लाल दिव्याचं वरती कुणी बोललं नाही, पण सगळ्यात मोठा गैरसमज तोच आहे. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, प्रेशर सांगतो. प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेलं की लागतो. पट्टी खालच्या खुणेच्या बरीच खाली गेली तरी पंपाच्या नळीचं तोंड ऑइलात बुडालेलं असतं, प्रेशर येत राहतं, दिवा गप्प. ज्या दिवशी दिवा लागतो त्या दिवशी पंप हवा ओढायला लागलेला असतो, आणि क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची मेन बेअरिंग, बिग एंड बेअरिंग कोरडी फिरायला सुरुवात झालेली असते.

तो पहिल्यांदा डोळा मारतो तो वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर, कारण ऑइल एका बाजूला सरकतं. तुम्ही बीडला जाता तेव्हा मांजरसुंब्याच्या घाटात एक क्षण जरी लुकलुकला तर 'सेन्सर खराब असेल' म्हणून पुढं जायचं नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी बघा. पट्टीवर ऑइल बरोबर असूनही दिवा लागला असेल तर गाडी चालू करू नका, टोचन लावून न्या. टोचनचे पैसे जातील, इंजिन तरी वाचेल.

मोंढा_रोड_फिटर

किती टाकायचं ते राहिलं. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या ते वरच्या खुणेमधलं अंतर पाऊण ते एक लिटरचं असतं. म्हणजे मधोमध असेल तर अर्धा लिटरही जास्तच. तुमचं वरच्या खुणेच्या जरा खाली आहे, तुम्हाला आज काहीच टाकायचं नाही. अर्ध्याच्या खाली गेलं की टाका, तेही एका वेळी २०० ते २५० मिली. स्वच्छ नरसाळं लावा, हळू ओता, पाच मिनिटं थांबा, परत पट्टी बघा. वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. शिगोशीग भरायची गरज नाही.

जास्त झालं तर काय बिघडतं? क्रँक फिरताना ऑइलात आपटतो, फेस येतो, फेसाळलेलं ऑइल म्हणजे निम्मी हवा. मग टॅपिट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग वाजतात. आतला दाब वाढून सील रडायला लागतात, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ काढणाऱ्या) नळीतून ऑइल हवेच्या वाटेनं आत जाऊन जळतं. पेट्रोल गाडीत त्यानं सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, आणि तो भाग स्वस्त नाही. खुणेच्या वर दोनेक मिलिमीटर असेल तर एवढा घोर नको. बोटभर वर असेल तर काढा. ड्रेन नट सैल करून अंदाजानं सांडण्यापेक्षा पट्टीच्या नळीतून बारीक पाईप घालून मोठ्या सिरिंजनं ओढलेलं बरं. किती काढलं ते डोळ्यांना दिसतं.

जालना_स्टील

एवढी डोकेफोड कशाला? आपल्याकडं मे महिन्यात ४३ डिग्री होतं. ते पाण्यासारखं पातळ ०डब्ल्यू-२० ग्रेडचं ऑइल टिकतच नाही, म्हणून ऑइल कमी होतं. जाड २०डब्ल्यू-५० टाका, मोकळे व्हा.

गोदाकाठ_परभणी

जालनेकर, हा सल्ला जुन्या जीप-ट्रॅक्टरला चालून जाईल, या गाडीला नका देऊ. इंजिनचं तापमान बाहेरच्या उन्हावर ठरत नाही. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर पाणी ९० च्या आसपास ठेवतात आणि ऑइल ९० ते ११० मध्ये काम करतं, मग बाहेर मे असो की डिसेंबर. बाहेरच्या हवेचा खरा फरक पडतो सकाळच्या स्टार्टला. आमच्याकडं परभणीत थंडीत पारा १० च्या खाली जातो, तेव्हा २०डब्ल्यू-५० वरच्या टॅपिटपर्यंत पोचायलाच वेळ घेतं. इंजिनची खरी झीज तिथं होते. शिवाय या इंजिनात व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ, ऑइलच्या प्रेशरवर बदलतं, त्याच्या वाटा बारीक असतात. जाड ऑइलनं ती यंत्रणा सुस्त होते.

पुस्तकात बहुतेक दोन-तीन ग्रेड दिलेले असतात. ९४ हजारांची गाडी ऑइल खात असेल तर त्यांतला जाड ग्रेड निवडा, म्हणजे ०डब्ल्यू-२० च्या जागी ५डब्ल्यू-३०. इथपर्यंत ठीक, यादीच्या बाहेर जाऊ नका. रस्त्यात अडचण झाली आणि तोच ग्रेड मिळाला नाही तर जवळचा ग्रेड अर्धा लिटर टाकलेला चालतो. कमी ऑइलवर गाडी पळवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

लातूरची_पांढरी_स्विफ्ट

समजलं. म्हणजे आज काही टाकत नाही. पण महिनाभरानं खरंच कमी झालं तर ते गेलं कुठं, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? किती कमी झालं तर चालतं?

गोदाकाठ_परभणी

आधी मोजा. आज वरच्या खुणेपर्यंत किती आहे ते आणि किलोमीटरचं रीडिंग वहीत लिहा, १००० किमीनंतर परत बघा. दोन खुणांमधलं पाव अंतर उतरलं तर साधारण २०० ते २५० मिली गेलं. या वयाच्या गाडीला तेवढं मी खपवून घेईन, फक्त लक्ष ठेवीन. काही कंपन्यांच्या पुस्तकात तर १००० किमीला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं म्हणून लिहिलेलं असतं, पण ते वॉरंटीसाठीचं बोलणं आहे. अर्धा लिटर जायलं तर कारण शोधलंच पाहिजे. आकड्यापेक्षा बदल बघा. वर्षभर काही कमी होत नव्हतं आणि एकदम २०० मिली गेलं, तर ते जास्त गंभीर. समृद्धीवर १२० नं सलग दोन-तीन तास चालवून आलात तर मात्र थोडं जास्त उतरलेलं दिसेल, त्यावरून घाबरू नका.

जायला दोनच रस्ते आहेत, गळती किंवा जळणं.

गळती आपल्याकडं शोधायला सोपी. काळ्या रानातली धूळ कोरड्या लोखंडावर टिकत नाही, ओल्या ऑइलवर मात्र चिकटून काळा थर बसतो. वरून टॅपिट कव्हरच्या कडेनं बोट फिरवा. पॅकिंग कडक झालं की तिथूनच झिरपतं. मग फिल्टरचं बूड, ड्रेन नटचा वॉशर, चेंबरचा जोड. ड्रेन वॉशर दर ऑइल चेंजला नवा पाहिजे, दहा-वीस रुपयांसाठी जुनाच लावतात. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब येत असेल तर क्रँकचं मागचं सील, त्याला गिअरबॉक्स उतरावा लागतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, डाग कुठल्या बाजूला पडला त्यावरून अर्धं काम होतं. एसीचं पाणी आणि ऑइल यांत गफलत करू नका.

गळत नसेल तर जळतंय. कुणाला तरी मागं उभं करा. सकाळी स्टार्ट केल्यावर निळसर धुराचा एक भपका आणि मग स्वच्छ, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. घाट उतरून झाल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच भपका आला तरी तेच. चढाला सतत निळा धूर, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. रिंगांचं काम काढायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधली वाफ परत इंजिनात सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) काढून कानाशी हलवा, खळखळ वाजला पाहिजे. जाम असेल तर साफ करा किंवा बदला. या छोट्या भागामुळं कितीतरी इंजिनं विनाकारण उघडली जातात.

आणि एअर फिल्टर. कारखाने चालू असताना उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं कच्च्या रस्त्यानं चाललेली गाडी असेल तर फिल्टरच्या पुढची, म्हणजे इंजिनकडची नळी काढून आत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर फिल्टर नीट बसत नाही किंवा डब्याची क्लिप तुटलीय. ती माती सिलिंडरवर पॉलिश पेपरचं काम करते. बहुतेक पुस्तकांत धुळीच्या वापरासाठी सर्व्हिसचा वेगळा, लवकरचा तक्ता असतो. मराठवाड्यातल्या निम्म्या गाड्यांना तोच लागू आहे.

डिझेल_पिकअप_हिंगोली

डिझेलवाल्यांसाठी एक. ऑइल कमी होण्याइतकंच वाढणंही वाईट. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साचलेली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. गावातल्या गावात चालवून ते जाळणं अर्धवट राहिलं की डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. पट्टी वरच्या खुणेच्या वर जाते आणि ऑइलला डिझेलचा वास येतो. हे नुसतं काढून पातळी बरोबर करायचं नाही, ऑइल पातळ झालेलं असतं, बदलायचंच. डीपीएफचा दिवा लागला तर हायवेला २०-३० मिनिटं एका वेगात चालवा, मधेच बंद करू नका. ऑइलही कमी राखेचंच घ्या, डब्यावर सी२ किंवा सी३ लिहिलेलं असतं, पुस्तकात जे दिलंय ते. साधं टाकलं तर राख डीपीएफमध्ये बसते, ती जळून जात नाही.

ऑइल काळं दिसलं म्हणून डिझेलमध्ये घाबरू नका, बदलल्यावर दोन दिवसांत काळं होतं. सीएनजीत उलटं, बराच काळ स्वच्छ दिसतं आणि लोक बदलायचं विसरतात. दोन्हीकडं रंग बघू नका, किलोमीटर आणि तारीख बघा.

बालाघाट_ड्रायव्हर

रंगाचा एक अपवाद: पट्टीवर दुधाळ, चहासारखं दिसलं तर कूलंटची बाटली लगेच बघा. ती उतरलेली असेल तर हेड गॅसकेट गेलंय, गाडी हलवू नका. पावसाळ्यात फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय आली, पट्टी स्वच्छ आहे आणि कूलंट जागेवर आहे, तर ती जवळच्या चकरांमुळं जमलेली वाफ आहे. तासभर हायवेला चालवा, जाते.

लातूरची_पांढरी_स्विफ्ट

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: ऑइल बदलताना निघालेलं जळकं ऑइल शेतातल्या लाकडी खांबांना वाळवीसाठी लावू का? घरचे मागायलेत.

मोंढा_रोड_फिटर

नका लावू. त्यात धातूचा कीस आणि कातडीला घातक रसायनं असतात, पावसानं ते मातीत आणि मग विहिरीत उतरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, तिथून जुनं ऑइल उचलणारे घेऊन जातात. हाताळताना हातमोजे घाला, आणि तो कॅन परत कशालाही वापरू नका.