बेस्टच्या गाड्या बेस्टच्याच मालकीच्या हव्यात का?

सायनकर: १५ जुलै १९२६ ला मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी बेस्टची पहिली बस धावली. आज शंभर वर्षांनी डेपोत बेस्टची स्वतःची गाडी शोधावी लागते. २०१९ ला ३,३३७ गाड्यांचा स्वमालकीचा ताफा राखू असं कामगारांना लिहून दिलं होतं. आता काही शेकडेच उरल्यात, बाकी सगळं ठेकेदारांकडून भाडेतत्त्वावर. ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात आणि गल्ला बेस्टकडे जातो. गाडी भरली की रिकामी गेली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी काम बंद केलं, तेव्हा त्या गाड्या काढायला बेस्टकडे चालकच नव्हते. पालिकेने पैसे द्यावेत आणि बेस्टने गाड्या विकत घ्याव्यात.

हिशेबनीस: तळमळ कळते, पण गणित जुळत नाही. बेस्ट वीजही पुरवते; पूर्वी त्या वीज विभागाची शिल्लक बसची तूट भरून काढायची, तो रस्ता वीज नियमनाने बंद केला. आता पालिकेचं अनुदान पगार आणि थकीत देण्यांतच जिरतं. इलेक्ट्रिक गाड्यांचं भांडवल आणायचं कुठून? ठेकेदारावर देखरेख वाढवा. चालकाचा पगार वेळेत झाला नाही तर ठेकेदाराचं बिल अडवा.

रोजची प्रवासी: 'देखरेख' म्हटलं की आम्हा कुर्लेकरांना ९ डिसेंबर २०२४ ची रात्र आठवते. ३३२ नंबरची भाड्याची इलेक्ट्रिक बस भर गर्दीत घुसली, माणसं गेली. एवढी मोठी गाडी हातात देण्याआधी चालकाला किती दिवस शिकवलं, हे विचारायची वेळ माणसं गेल्यावर आली.

आणि तिकिटाबद्दल कुणीच कसं बोलत नाही? ९ मे २०२५ पासून ५ रुपयांचं तिकीट १० झालं. परवा मी, आई आणि मावशी स्टेशनबाहेर उभ्या होतो. आईने कनवटीची नाणी काढून दहा-दहाची तीन मुठीत धरलेली. मावशी म्हणाली, "अगं, रिक्षा कर, चार रुपये वाचतील." खरंच होतं, मीटरचे २६ झाले. आई आयुष्यभर बसने फिरली, तिला रिक्षात चढवताना मला वाईट वाटलं.

हिशेबनीस: ताई, जवळच्या अंतराचं तुमचं म्हणणं मान्य. तिथे दरवाढ चुकलीच. पण तिकीट ५ रुपये होतं तेव्हाच ताफा घटत होता. स्वस्त तिकीट घेऊन थांब्यावर ताटकळण्यात काय अर्थ?

वडाळा डेपो: माझे वडील डेपोत फिटर होते. गाडी बाहेर पडण्याआधी चाकाच्या प्रत्येक नटावर हातोडीने टक् करून कान द्यायचे, ढिल्या नटाचा आवाज बद्द येतो म्हणायचे. गाड्या दुसऱ्याच्या झाल्या की ही माणसंही जातात, आणि निवृत्तांच्या जागी भरती नाही. त्यात डेपोच्या जमिनी विकसित करून तूट भरायची भाषा चालते. इलेक्ट्रिक गाड्या रात्री चार्ज कुठे करणार? शहराबाहेर उभ्या केल्या तर रोज रिकाम्या आणाव्या-न्याव्या लागतील. ठेकेदार असो वा बेस्ट, जमीन आधी वाचवा.

सायनकर: जमिनीचं शंभर टक्के पटलं. हिशेबनीस, सगळा ताफा एका वर्षात घ्या असं मी म्हणतच नाही. मेट्रो ३ आता आरे ते कफ परेड धावते. तिच्या स्टेशनांपासून वस्त्यांपर्यंतच्या छोट्या फेऱ्या बेस्टने स्वतःच्या गाड्या आणि स्वतःच्या चालकांवर सुरू कराव्यात, तिकीट ५ रुपयांचं ठेवून. एवढ्यापुरती पालिकेच्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद मागितली, तर तुमचा विरोध राहील?

हिशेबनीस: ती रक्कम पगाराकडे वळवता येणार नाही अशी अट घाला. मग माझी सही घ्या.