‘मॉंगूस’ म्हणजे आपलंच मुंगूस का?

रानजाई: लेक सहावीत, सेमी इंग्रजीला. काल शब्दार्थ पाठ करताना ‘मॉंगूस’पुढे ‘मुंगूस’ लिहिलं आणि विचारलं, “आई, दोन्ही सारखेच कसे गं?” मी म्हटलं, आपण इंग्रजीतून घेतला असेल. तर भाकऱ्या थापता थापता सासूबाई म्हणाल्या, “माझ्या आजीला कुठलं आलंय इंग्रजी? तीही मुंगूसच म्हणायची.” मग कुणी कुणाचा घेतला? आणि ‘गूस’चं ‘गीस’ होतं म्हणून लेकीने अनेकवचन ‘मॉंगीस’ लिहिलं, तर लाल फुली मिळाली. ते का?

जुना फळा: ताई, सासूबाईंचंच बरोबर. शब्द मराठीतून तिकडे गेलाय, बहुधा पोर्तुगीजांच्या तोंडून. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७०च्या दशकात सुरत-मुंबईकडे होता, पार जुन्नरपर्यंत जाऊन आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापलं, त्यात हा शब्द आहे. शेवटचा ‘गूस’ म्हणजे हंस नव्हे. कानाला ओळखीचा वाटला म्हणून स्पेलिंग तसं पडलं, एवढंच. ‘गीस’ हे रूप इंग्रजीच्या फार जुन्या घडणीतलं, बाहेरून आलेल्या शब्दाला ते लागत नाही. म्हणून ‘मॉंगूसेस’. पण लेकीला रागावू नका. नियम पाहून रूप घडवलं तिने, असं डोकं चालवणारी मुलं मला बत्तीस वर्षांच्या मास्तरकीत फार आवडली.

सीमेवरचा: आमच्या बेळगावात कन्नड शेजारी मुंगुसी म्हणतात, तेलुगूत मुंगिस. संस्कृतात नकुल, त्यातूनच हिंदीचा नेवला. म्हणजे आपला शब्द दक्षिणेकडच्या भाषांच्या गोतातला दिसतो.

ऊसवाला: शब्दासारखं जनावरही लांब गेलंय. उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगुसं जमैकाला नेली. त्यांची पिलावळ १८८३ साली हवाईला. तिथे उंदरांबरोबर पक्ष्यांची अंडीही फस्त केली त्यांनी, फार नुकसान झालं.

रानजाई: सगळ्यांचे मनापासून आभार. फळेसर, तुमचं उत्तर लेकीला दोनदा वाचून दाखवलं, सासूबाईंनीही पदराला हात पुसत ऐकलं. आज सकाळी माडाच्या आळ्यापाशी मुंगूस आलं. मागच्या दोन पायांवर उभं राहून मान वळवून बघत होतं. लेक खिडकीतून हळूच म्हणाली, “आजी, तुझा शब्द आलाय बघ.”