पार्किन्सन्स: डीबीएस करावं की 'स्टेम सेल'च्या मागे जावं? मदत हवी आहे

माझ्या वडिलांना (अण्णा, वय ६७) पार्किन्सन्स आहे. न्यूरोलॉजिस्टनी डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), म्हणजे मेंदूत तारा बसवून त्यातून बारीक वीजप्रवाह देण्याचं ऑपरेशन, सुचवलंय. दुसरीकडे एका खाजगी क्लिनिकने स्टेम सेलचं (ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींचं) पॅकेज पुढे केलंय. घरात दोन तट पडलेत. ज्यांच्या घरी यातलं काही झालं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आजार सुरू झाला असं आम्ही धरून चाललो होतो. पण वास न येणं, पोट साफ न होणं, झोपेत ओरडणं आणि हातपाय झाडणं हे कितीतरी आधीपासून होतं. डॉक्टरांनी समजावलं ते असं: मध्यमेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर भाग असतो. तिथल्या चेतापेशी डोपामिन बनवतात आणि या आजारात त्या मरत जातात. थरथर, ताठरपणा दिसू लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्याही असतात. अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन या पेशींत साचतं एवढं कळलंय, पण पेशींचं मरणं थांबवेल असं सिद्ध झालेलं औषध नाही.

सिंडोपा या गोळ्यांवर सुरुवातीची वर्षं खरंच चांगली गेली. त्यातल्या लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं, त्यामुळे कमी पडतंय ते बाहेरून मिळतं. पेशींची गळती मात्र चालूच राहते. आता एका गोळीचा अंमल तीन तासही टिकत नाही. तो उतरला की पाय जमिनीला खिळतात, उंबरा ओलांडता येत नाही. गोळी पूर्ण चढलेली असते तेव्हा मान-खांदे आपोआप वेडेवाकडे हलत राहतात. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारा माणूस, आता लोक बघतात म्हणून देवळातही जात नाही. हे बघवत नाही.

क्लिनिकवाले म्हणतात, कमरेच्या हाडातून मगज काढू, त्यातल्या पेशी पाठीच्या कण्यातून सोडू, 'मेलेल्या पेशी पुन्हा उगवतील'. पैसे लाखांत, तेही आगाऊ. काका रानाचा तुकडा विकायला तयार आहेत. आणि अण्णांनाही तेच हवंय, कारण डीबीएसने पेशी परत येत नाहीत हे त्यांनी डॉक्टरांकडूनच ऐकलंय.

मी जमेल तेवढं वाचलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक कारणांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) करता येतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अशा दोन चाचण्यांचे निकाल आले, एक जपानमधल्या क्योटोची, दुसरी अमेरिका-कॅनडातली. पहिलीत ७ रुग्ण, दुसरीत १२. प्रयोगशाळेत डोपामिनच्या पेशी होऊ शकतील अशा पूर्वपेशी वाढवून त्या शस्त्रक्रियेने थेट मेंदूच्या पुटामेन या भागात सोडल्या. स्कॅनमध्ये डोपामिन तयार होत असल्याच्या खुणा दिसल्या, सोडलेल्या पेशींमुळे गंभीर अपाय दिसला नाही. क्योटोत परिणाम तपासलेल्या ६ पैकी ४ जणांची गोळीविना हालचाल सुधारली. वाचून मला खूप आनंद झाला. पण हाडाच्या मगजातल्या पेशी पाठीत टोचणं आणि हे, या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत असं माझं मत झालंय. चुकत असेन तर सांगा.

डीबीएसनंतर घरातला दिवस प्रत्यक्षात कसा असतो? बोलण्यावर परिणाम झाला का? आणि अण्णांची आशा न मोडता त्यांना हे कसं सांगावं?

प्रतिसाद – कोयनाकाठ

ताई, माझ्या आईचं डीबीएस झालंय. मेंदूत दोन बारीक तारा, कातडीखालून वायर, कॉलरबोनखाली बॅटरी. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी चमत्कार होईल असं समजू नका. मशीनचं सेटिंग जमायला काही महिने जातात, फेऱ्या माराव्या लागतात. आईच्या गोळ्या बऱ्याच कमी झाल्या, अंगाचं वेडंवाकडं हलणं जवळपास थांबलं. आवाज मात्र आणखी बारीक झाला, हे खरं आहे.

आधी लेव्होडोपा चाचणी करून घ्या. रात्रीपासून गोळी बंद ठेवून सकाळी तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. साधारण ३० टक्क्यांच्या वर सुधारणा दिसली तर डीबीएसचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. ढोबळ नियम असा की गोळीने जे सुधारतं तेच डीबीएसने सुधारतं. गोळी चढलेली असतानाही तोल जात असेल, तर तो डीबीएसने सावरेल अशी आशा धरू नका. स्मरणशक्तीची तपासणीही टाळू नका. आणि बसवल्यावर फिजिओकडे शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक अजिबात घ्यायचा नाही, तारा तापून मेंदूला इजा होऊ शकते.

प्रतिसाद – माहेरवाशीण

क्लिनिकला एकच विचारा: ही क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयचा (भारतातल्या अशा चाचण्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक द्या. चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, आणि चाचणी नसेल तर पार्किन्सन्ससाठी हे करायचंच नसतं. काकांना हे दोन्ही मुद्दे कागदावर लिहून दाखवा, रान वाचेल.

तोवर गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्या. डाळ, दूध, पनीर यांच्याबरोबर ती नीट शोषली जात नाही. बद्धकोष्ठ सांभाळा, त्यानेही गोळी उशिरा लागू पडते. कुणी खाजकुहिलीचं चूर्ण सुचवलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात मुळातच लेव्होडोपा असतं, डोस दुप्पट व्हायचा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथल्या लोकांशी अण्णांचं बोलणं करून द्या. आपण सांगण्यापेक्षा त्याच आजारातल्या माणसाने सांगितलेलं पटतं.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. गोळी आम्ही दुधाबरोबरच देत होतो, आजपासून बदलते. काकांना नोंदणी क्रमांकाचं सांगितलं, ते स्वतः क्लिनिकला फोन करणार आहेत. लेव्होडोपा चाचणीची तारीख उद्या मागते.

कोयनाकाठ, आणखी एक: बॅटरी साधी घेतलीत की चार्जिंगची? साधी काही वर्षांनी बदलावी लागते म्हणतात. चार्जिंगची जास्त टिकते, पण ती नियमित चार्ज करणं आईंना एकट्याने जमतं का? आमच्याकडे दिवसा घरी फक्त आई असते आणि लाइटचाही भरवसा नसतो.