बी विंग ग्रुप : ३०४ मधला कोंदट वास

सेक्रेटरी : ३०४ च्या दाराबाहेर कुबट वास येतो, अशी तक्रार आली आहे. मुलांनी लक्ष द्यावे.

३०३ काकू : वन बीएचकेत सहा पोरं! ओले टॉवेल दारावर, चपला पॅसेजमध्ये. दुसरं काय होणार?

३०४ विद्यार्थी : काकू, चपला आत घेतो. पण कपडे वाळत घालायला जागाच नाहीये. ड्राय बाल्कनीला काचा लावून तिथे एक कॉट टाकलीय. भिंतीला काळी बुरशी आलीय, फोटो बघा.

५०१ नाना : बाथरूमची खिडकी त्या बाल्कनीतच उघडते ना? गीझर कुठला?

३०४ विद्यार्थी : गॅसचा, नाना. बाथरूममध्येच आहे. सिलिंडर कॉटजवळ.

५०१ नाना : मग वास राहू दे बाजूला. गीझर पेटला की आतला ऑक्सिजन खातो. ताजी हवा मिळाली नाही की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस आत कोसळला तरी बाहेर कळत नाही. लागोपाठ सहा अंघोळी, दार बंद, खिडकीपलीकडे काच. कोणाचं डोकं दुखतं का?

३०४ विद्यार्थी : शेवटी जो जातो त्याचं. मळमळतं पण. आम्हाला वाटलं जागरणामुळे.

३०४ मालक : नाना, उगाच घाबरवू नका. मी त्यांना एसीसुद्धा दिलाय.

४०२ तेजस : काका, स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची आणत नाही. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. बंद खोलीत तिघं झोपले तर सकाळपर्यंत सहज २००० च्या वर जातो. १००० च्या आत ठेवा, हे म्युनिकच्या पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच सांगून ठेवलंय 🙏

३०३ काकू : म्हणून पोरं जिन्यात बसून वाचतात होय! मला वाटायचं आमचं वाय-फाय पकडतात.

३०४ विद्यार्थी : 😂 खिडकी उघडली की नाल्याचे डास येतात, काकू. मग कॉइल लावतो.

५०१ नाना : बंद खोलीत कॉइल नको. धूर सगळा छातीत जातो. जाळी बसवून घ्या.

सेक्रेटरी : गॅस गीझर आत्तापासून बंद. ज्याचं डोकं दुखतं त्याने आजच डॉक्टरांना दाखवावं. काचा आणि कॉट काढायला मालकांना रविवारपर्यंत मुदत.

३०३ काकू : अंघोळीचं पाणी माझ्याकडून न्या रे. पण सहा वाजायच्या आत.

३०४ मालक : इलेक्ट्रिक गीझर बसवतो. खर्च मुलांच्या डिपॉझिटमधून घेईन.

सेक्रेटरी : तो विषय ग्रुपवर नको. मला फोन करा.