सल्ला हवा: पुण्याच्या जुन्या पेठांत आईबरोबर एक दिवस

कृष्णाकाठ: पुढच्या शनिवारी सकाळी आईला घेऊन एसटीने स्वारगेटला उतरतोय, रात्रीच्या गाडीने परत. कसबा, बुधवार, सोमवार पेठ निवांत बघायची आहे. आईचे गुडघे दुखतात, जिने नकोत. खाणं, रिक्षा सगळं धरून दोघांचे ८०० रुपये. सुरुवात कुठून करू?

पेठकर: शनिवारवाडा! १७३२ ची वास्तुशांत आहे. दिल्ली दरवाज्यावरचे खिळे जवळून बघा, हत्तीची टक्कर बसू नये म्हणून ठोकलेत.

प्रवासीपक्षी: दिवसभराची एसी गाडी करा. आम्ही साडेतीन हजारांत केली, आईबाबा खूश. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत पैसा बघू नये.

लक्ष्मीरोड: गाडी आणूच नका! गेल्या दिवाळीत माझ्या गाडीचा आरसा तुटला, वर पार्किंगवाला माझ्याशीच भांडला. मेट्रो घ्या. स्वारगेटच्या पुढचं स्टेशन मंडई, त्यापुढचं कसबा पेठ. दोन्हीकडे लिफ्ट आहे.

पेठकर: शनिवारवाड्याला कसबा पेठ स्टेशनच सोयीचं.

इतिहासवेडा: १८२८ च्या आगीनंतर वाड्यात जोती, तटबंदी आणि कारंज्याचा हौद एवढंच राहिलंय. उन्हात आईंना कशाला फिरवता? त्यापेक्षा लाल महाल बघा.

जुनापुणेकर: लाल महालाची आत्ताची वास्तू महापालिकेने बांधलेली आहे, महाराजांच्या वेळची नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं.

इतिहासवेडा: जागा तर तीच ना? शाहिस्तेखानाची बोटं तिथेच तुटली.

जुनापुणेकर: परिसर तोच. वास्तू नवी.

तर्रीबाज: मिसळीबद्दल कुणीच बोलत नाही? नारायण पेठेत या, आमच्याकडची गोडसर असते. शनिवारी दहाच्या आत पोचा, नाहीतर रांग.

रंकाळा: कोल्हापूरकडच्या माणसाला गोडसर मिसळ? अन्याय आहे हा.

ठोकेवाली: मूळ प्रश्नाकडे येते. कसबा गणपतीचं दर्शन घ्या, मग रिक्षाने तांबट आळी. हातोडीचे ठोके गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येतात. घडवलेल्या तांब्याला मठारतात, म्हणजे लहान लहान ठोके देत पत्रा घट्ट करतात, त्या प्रत्येक ठोक्याची चकाकती टिकली भांड्यावर उमटते. कारागिराला विचारून उंबऱ्याशी उभं राहिलं तर कुणी हाकलत नाही. माझा बंब तिथलाच, उत्तम चाललाय. तिथून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. १७५४ ला भीमगिरजी गोसावींनी सुरू केलेलं काळ्या दगडाचं देऊळ. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि बंदूकवाले शिपाई कोरलेत, ते चुकवू नका. मूर्ती मोरावर बसलेली, तीन सोंडांची. गर्दी नसते, आईंना बसता येईल.

पेठकर: शनिवारवाडा राहिला की यात.

संग्राहक: केळकर संग्रहालय! एकेक अडकित्ता आणि दिवा बघत राहावं असा. मस्तानी महालही आत आहे.

लक्ष्मीरोड: तिथे जिने आहेत, गुडघेदुखी वाचा आधी. आणि काहीही करा, पण शनिवारी तुळशीबागेत जाऊ नका. पाय ठेवायला जागा नसते.

ठोकेवाली: हो, शनिवारी तुळशीबाग नकोच.

तर्रीबाज: तुळशीबाग नको, खरंच.

कृष्णाकाठ: सगळ्यांचे आभार. आईला धागा वाचून दाखवला. तिने ठरवलं: मंडई स्टेशनला उतरून थेट तुळशीबाग! नातीसाठी पितळेची भातुकली घ्यायची आहे आणि रामाच्या देवळात टेकायचं आहे. वेळ उरला तर त्रिशुंड. शनिवारवाडा या खेपेला नाही, मिसळ घरीच खातो.

लक्ष्मीरोड: एवढं सांगून तुळशीबागच! निदान दुकानं उघडता उघडता पोचा, दुपारी बाराच्या आत बाहेर पडा.

जुनापुणेकर: देऊळ नारो अप्पाजींनी १७६१ ला बांधायला घेतलेलं. आवारात बसून शिखर बघा, त्यावरच्या मूर्ती बघायला माना वर करणारं हल्ली कुणी नाही.

पेठकर: परतण्याआधी मेट्रोने कसबा पेठला उतरून निदान दिल्ली दरवाजा बाहेरून तरी बघा. बाहेरून तिकीट नाही.