नाटकांच्या फोटोंसाठी फुल-फ्रेम: पैसा बॉडीत घालू की लेन्समध्ये?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

पुण्यात नाटकांचे फोटो काढतो, बहुतेक प्रायोगिक. फ्लॅश अर्थातच नाही, आणि शटरचा खट्ट आवाज झाला की पुढच्या रांगेतले काका मागे वळून बघतात. सध्या कॅनन ८०डी कॅमेरा, आणि ईएफ ७०-२०० एफ/४ व ५० एफ/१.८ या लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). मंद प्रकाशात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० ला चेहऱ्यावर फार नॉइज (दाणेदारपणा) येतो, म्हणून फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, मिररलेस कॅमेरा घ्यायचं ठरवलंय. लेन्स अडॅप्टरवर चालतील, त्यामुळे कॅननच.

आता पेच असा. कॅननचा आर८ घेतला तर उरलेल्या पैशांत सेकंडहँड ७०-२०० एफ/२.८ बसते, म्हणजे एक स्टॉप जास्त (दुप्पट) प्रकाश. पण बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही, कार्डाचा स्लॉट एकच आणि बॅटरी लहान. आर६ मार्क २ मध्ये स्टॅबिलायझेशन, दोन स्लॉट आणि मोठी बॅटरी आहे, माझ्या जुन्या बॅटऱ्याही चालतील. पण मग एफ/४ वरच भागवावं लागेल. सेन्सर दोन्हींत २४ मेगापिक्सेलचाच. नट हलत असतात, तिथे स्टॅबिलायझेशनचा काय उपयोग, म्हणून मन आर८ कडे झुकतंय.

खरी धास्ती सायलेंट, म्हणजे बिनआवाजी इलेक्ट्रॉनिक शटरची आहे. हल्ली रंगमंचावर एलईडी दिवे असतात, इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोत आडवे पट्टे येतात म्हणे. यातला कुठला कॅमेरा एलईडीखाली कुणी वापरलाय का? शटर स्पीड किती ठेवता? शिवाय ८०डीच्या लहान सेन्सरमुळे २०० मिमीची लेन्स ३२० सारखी लांबचं टिपायची. फुल-फ्रेमवर मागच्या रांगेतून ती तोकडी पडते का?