स्वस्तातलं रेटिनॉल चेहऱ्याला: किती, कधी, कशावरून (अनुभव धागा)

सुरकुत्यांवर पाचशे रुपयांच्या आत मिळणारं काही खरंच लागू पडतं का, असं विचारणाऱ्या बायका कोल्हापुरात भरपूर आहेत, आणि आता पुरुषही आहेत. उत्तर मात्र ‘मला सूट झालं’ किंवा ‘मला नाही झालं’ इथंच थांबतं. पुढच्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. म्हणून इथं फक्त रीत लिहा. कोणता घटक, किती टक्के, किती थेंब, आठवड्यातून किती रात्री, कुठं बिघडलं आणि का. ब्रँडपेक्षा घटकाचं नाव द्या, म्हणजे ज्याच्या दुकानात जे मिळेल ते त्याला घेता येईल.

औषध दुकान, लक्ष्मीपुरी

बाटली उलटी करून मागची बाजू वाचा. पुढं ‘अँटी-एजिंग’ काय, कशावरही छापता येतं. मागं घटकांच्या यादीत रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचंच एक रूप) हवं आणि त्याचे टक्के कुठं तरी लिहिलेले हवेत. पहिल्यांदा लावणाऱ्याला ०.२ किंवा ०.३ टक्के पुष्कळ झालं. ०.५ वर जायचं ते पहिली बाटली काही त्रास न होता संपल्यावर. १ टक्क्याची बाटली पहिल्याच खेपेला नेणारं गिऱ्हाईक पंधरा दिवसांत लाल चेहऱ्यानं परत येतं, आणि मग रेटिनॉललाच कायमचं नाव ठेवतं.

यादीत रेटिनॉल अगदी शेवटी दिसलं म्हणून फसवणूक समजू नका. घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडं लिहितात, पण एक टक्क्याच्या आतले कुठल्याही क्रमानं लिहिलेले चालतात, आणि रेटिनॉल बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतच असतं. खरा घोळ होतो तो टक्क्यांच्या भाषेत. ‘ग्रॅनॲक्टिव्ह रेटिनॉइड २ टक्के’ (रेटिनॉलच्याच घराण्यातला कच्चा माल) वाचून माणूस घाबरतो किंवा हरखतो. तो कच्चा माल म्हणजेच १० टक्क्यांचं द्रावण असतं, त्यामुळं बाटलीत खरा घटक आला ०.२ टक्के. रेटिनॉलशी त्या आकड्याची तुलना करू नये. ‘रेटिनिल पाल्मिटेट’ हाही याच घराण्यातला, पण फारच सौम्य. त्वचेत त्याचं आधी रेटिनॉल व्हावं लागतं, मग रेटिनाल्डिहाइड, मग रेटिनॉइक ॲसिड. काम करतं ते हे शेवटचं. प्रत्येक पायरीला माल थोडा गळतो, म्हणून जितक्या पायऱ्या जास्त तितका गुण कमी.

ट्रेटिनॉइन म्हणजे थेट ते शेवटचं रेटिनॉइक ॲसिडच. अमेरिकेत १९९५ साली बारीक सुरकुत्यांसाठी त्याच्या क्रीमला मंजुरी मिळाली, आणि सर्वांत भक्कम पुरावा आजही त्याच्याच बाजूनं आहे. ट्यूब स्वस्त असते, पण ते शेड्यूल एच मधलं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ०.०२५ टक्क्यानं सुरू करायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या.

कोलॅजन क्रीमवर पैसे घालू नका, हे मी काउंटरवर रोज सांगतो. त्वचेतून आत शिरायला रेणू साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) आतला लागतो. कोलॅजनचा रेणू तीन लाखांच्या घरात. वर बसून मॉइश्चरायझरचं काम करेल तेवढंच, आणि त्या कामाला ग्लिसरीन आहे की.

त्वचा विभागात काम केलेली परिचारिका, ताराबाई रोड

रात्रीची रीत नीट सांगते, कारण बिघडतं ते इथंच.

साध्या फेसवॉशनं तोंड धुवा, टॉवेलनं टिपा, घासू नका. मग वीस मिनिटं थांबा. ओल्या त्वचेतून औषध वेगानं आत जातं आणि आग होते. थांबायला वेळ नसेल तर आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात, त्यावर रेटिनॉल, त्यावर परत मॉइश्चरायझर. नाजूक त्वचेला पहिले दोन महिने हीच पद्धत बरी. गुण थोडा हळू येतो, पण माणूस टिकून राहतो.

माप मटाराच्या दाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला मिळून एक दाणा. सिरम असेल तर दोन-तीन थेंब. बोटावर घेऊन पाच ठिपके द्या: कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी. मग ठिपके आतून बाहेर पसरवा. आधी एका गालावर सगळं थापून मग उरलेलं दुसऱ्या गालाकडं ओढलं, तर एक गाल सोलतो आणि दुसऱ्याला काही मिळत नाही. नाकपुडीची खाच, ओठांचे कोपरे आणि पापण्या या तीन जागा सगळ्यांत आधी सोलतात. त्यांना आधीच पेट्रोलियम जेलीचं बोट लावून ठेवा, म्हणजे औषध तिथं सरकलं तरी बसत नाही.

पहिला महिना आठवड्यातून दोन रात्री, बुधवार आणि रविवार असे वार धरा. दुसरा महिना तीन रात्री. मग एकाआड एक. रोज लावलंच पाहिजे असं काही नाही. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कोरडेपणा येतो, बारीक सालपटं निघतात, थोडं चुरचुरतं. हे अपेक्षित आहे. साधं पाणी लागलं तरी आग होणं, डोळ्याखाली सूज, खाज सुटून पुरळ येणं हे अपेक्षित नाही. तेव्हा रेटिनॉल बंद, फेसवॉश बंद, फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. त्वचा सलग सात दिवस शांत राहिली की मगच आठवड्यातून एका रात्रीनं परत सुरू. सालपटं निघाली म्हणून स्क्रब घासणं ही मोठी चूक. वरचा थर आधीच पातळ झालेला असतो, त्यावर साखर-रवा घासला की काळे डाग नक्की.

चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सात दिवस रोज लावून बघा. एका दिवसाच्या चाचणीत बऱ्याचदा काही कळत नाही.

गरोदर असाल किंवा राहायचा विचार असेल तर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापॅलिन (याच घराण्यातलं मुरुमांचं औषध), सगळंच बाजूला ठेवा. डागांसाठी ॲझेलिक ॲसिड डॉक्टरांना विचारून चालतं.

बारा आठवड्यांच्या आत आरसा बघून निकाल देऊ नका. आधी त्वचेचा पोत सुधारतो, मग डाग फिके होतात, बारीक रेघांना चार ते सहा महिने लागतात. हसताना डोळ्याच्या कडेला पडणाऱ्या घड्या स्नायूंमुळं येतात, त्या क्रीमनं जायच्या नाहीत.

पार्लर, राजारामपुरी

परिचारिकाताईंनी सगळं बरोबर सांगितलं, फक्त एक भर. पार्लरमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या सांगा की तुम्ही रेटिनॉल लावता. वरच्या ओठाचं थ्रेडिंग असेल तर किमान पाच ते सात दिवस आधी बंद पाहिजे. नाही तर दोऱ्यात केसाबरोबर कातडीचा पापुद्राही येतो. ओठावर एक लालसर, ओलसर, काचेसारखी चकाकणारी पट्टी उठते. दोन दिवसांत ती तपकिरी होऊन धरते, खपली पडते, आणि खाली उरलेला डाग मिशीसारखा तीन-तीन महिने दिसतो. वॅक्सला तर इजा याहून जास्त. ब्लीचमध्ये अमोनिया आणि पेरॉक्साइड असतं, त्यालाही तेवढंच अंतर ठेवा. झाल्यावर परत तीन-चार दिवस थांबा.

लग्नसराईत बायका आठ दिवसांवर हळद असताना नवीन सिरम सुरू करतात. करू नका बायांनो. समारंभाच्या आधी किमान तीन महिने सुरुवात, नाही तर समारंभ झाल्यावर.

दुचाकीवरून शिरोली एमआयडीसी, रोजचं जाणं-येणं

सनस्क्रीन नाही तर रेटिनॉल घेऊच नका, पैसे पंचगंगेत. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर वयाच्या खुणा सुरकुत्यांआधी डाग आणि वांग म्हणून दिसतात, आणि त्याला खतपाणी उन्हाचं. सुरकुत्या पाडणारे यूव्हीए किरण ढगातून येतात, काचेतूनही येतात. गाडीच्या पुढच्या काचेतून कमी, बाजूच्या काचेतून जास्त. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या अमेरिकन माणसाचा फोटो छापून आला होता. खिडकीकडचा डावा गाल घड्याघड्यांचा, उजवा त्यामानानं गुळगुळीत. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, म्हणजे एसटीच्या चालकमामांनी उजवा गाल जपायचा.

माप: तर्जनी आणि मधलं बोट, मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं, साधारण एक ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावून ५० दिवस, दोनदा लावली तर महिन्याच्या आत संपते. तुमची ट्यूब सहा महिने पुरत असेल तर तुम्ही एसपीएफ ५० विकत घेऊन एसपीएफ १० सुद्धा लावत नाही. म्हणूनच ८० रुपये ग्रॅमचं परदेशी घेऊन पुरवून पुरवून लावण्यापेक्षा स्वस्त ट्यूब घेऊन भरपूर लावलेलं चांगलं. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे किरण) अडवतं आणि ५० साधारण ९८, त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. पीए (यूव्हीएपासून बचावाचं माप) पुढं किमान तीन अधिक चिन्हं बघा. वांग असेल तर रंग मिसळलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, ते दिसणारा प्रकाशही अडवतं.

दाढीवाल्यांनो, दाढी केली त्या रात्री रेटिनॉल नको.

करवीर तालुका, शेतीकाम

उसात पाचट काढताना दर दोन तासांनी सनस्क्रीन लावणं जमत नाही, खरं सांगायचं तर. पाल्याची कूस आणि घाम त्यावर चिकटून आणखी खाजतं. तिथं सुती कापडच कामाला येतं. घट्ट विणीचं, गडद रंगाचं, कोरडं. धुऊन विरलेला पांढरा पंचा ऊन फारसं अडवत नाही, आणि ओला झाला की आणखी कमी. सकाळी निघताना एकदा सनस्क्रीन, वर टॉवेल असा बांधायचा की गालाची हाडं झाकली पाहिजेत, कारण वांग तिथंच उठतो. गुऱ्हाळावर चुलाणापुढं असाल तर उष्णतेनंही वांग वाढतो, सनस्क्रीन तिथं पुरं पडत नाही. जळण घालणाऱ्यानं आळीपाळीनं बाजूला व्हावं.

शाहूपुरी

बावचीबद्दल कुणीच बोललं नाही. रेटिनॉलला पर्याय म्हणून ‘बाकुचिओल’ विकतात, ते बावचीच्या बियांतलंच. २०१८ साली ४४ जणांवर बारा आठवडे तुलना झाली. ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल रोज एकदा, दोन्हींचा गुण जवळपास सारखा, आणि बाकुचिओलनं सालपटं कमी. अभ्यास लहान आहे, तरी नाजूक त्वचेला करून बघण्यासारखं. पण म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून बावची आणून घरी वाटून तोंडाला लावू नका. कच्च्या बावचीत सोरॅलेन असतं, त्यावर ऊन पडलं की फोड येतात. लिंबाच्या रसाचंही तेच. लिंबू लावून उन्हात गेलात की जिथं जिथं ओघळ गेला तिथं तिथं काळा पट्टा.

औषध दुकान, लक्ष्मीपुरी (परत)

एक गोष्ट राहिली आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची. बिनलेबलच्या किंवा परदेशी लिपीतल्या डबीतली ‘नाईट क्रीम’, आठ दिवसांत चेहरा उजळ आणि घट्ट करणारी. ती घेऊ नका. इतक्या झटपट गुण येतो तो पाऱ्यानं किंवा स्टेरॉइडनं. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा उजळ करणाऱ्या क्रीम लावणाऱ्यांच्या किडन्यांना इजा झालेली आढळली. स्टेरॉइडवाल्या क्रीमचं ओळखायचं असं: लावलं की छान, दोन दिवस थांबवलं की आग, लाली आणि पुरळ, परत लावलं की परत छान. महिनोन्‌महिने हे चाललं की त्वचा कागदासारखी पातळ होते, गालावर लाल शिरांचं जाळं दिसतं, चेहऱ्यावर लव वाढते. सुरकुती घालवायला गेलेल्या माणसाची त्वचा दहा वर्षं जास्त म्हातारी दिसायला लागते. ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ती वयाच्या खुणांची क्रीम नव्हे. आधीच लावत असाल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांकडं जाऊन टप्प्याटप्प्यानं बंद करा.

चांगल्या मालावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत असते. परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक.

प्रश्न, रंकाळा परिसर

आईचं वय ६२, त्वचा फार कोरडी. रेटिनॉल झेपेल का? आणि मानेला लावायचं का?

परिचारिका, ताराबाई रोड

झेपेल, पण आधी महिनाभर नुसती ओल धरू दे ताई. आईंना म्हणावं, आंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. घरी करायचं तर एक चमचा ग्लिसरीनला चार-पाच चमचे उकळून गार केलेलं पाणी. यात टिकवायचं औषध नसतं, म्हणून चार दिवसांपुरतंच करा, फ्रीजमध्ये ठेवा, उरलं तर ओतून द्या. नुसतं ग्लिसरीन थापलं तर चिकट होतं आणि थंडीत उलट त्वचा ओढते. वरून रात्री पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. एवढ्यानंच कोरडेपणाच्या बारीक रेघा बऱ्याच भरून येतात, आणि मग खऱ्या सुरकुत्या किती आहेत ते दिसतं. त्यानंतर ०.२ टक्के, आठवड्यातून एक रात्र, मॉइश्चरायझरच्या दोन थरांमध्ये.

मानेची कातडी पातळ, तेलग्रंथी कमी. चेहऱ्याला लावून झाल्यावर बोटांना जे उरतं तेवढंच मानेवरून वर फिरवायचं, वेगळा थेंब घ्यायचा नाही. सनस्क्रीन मात्र मानेला आणि हाताच्या पाठीलाही पूर्ण.

बाटली न्हाणीघरातल्या आरशाशेजारी ठेवू नका, वाफ आणि उजेड दोन्हींनी रेटिनॉल मरतं. कपाटात ठेवा, आणि उघडली त्या दिवसाची तारीख बुडाशी पेनानं लिहा. डबीवर उघड्या झाकणाच्या चित्रात ‘६ एम’ असेल तर सहा महिने, मग आत कितीही उरलेलं असो.